मधल्या फळीतील माणूस
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत कोपर्निकस मार्ग, नवी दिल्ली येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेसाठी आमचे नाव सुचविले गेले, तेव्हा कार्यकारिणीची अपेक्षा अशी होती की, आम्ही मराठ्यांचे दिल्लीतील राजकारण किंवा बृहन्महाराष्ट्रातील नाट्यप्रेम असा एखादा भारदस्त विषय घेऊ. आम्ही 'फुटबॉलमधील मधल्या फळीचा खेळाडू' असे कळविले. दुसऱ्याच दिवशी चिटणीसांचा दूरध्वनी आला, 'आपणांस क्रिकेट म्हणावयाचे होते काय?' आम्ही नम्रपणे नकार दिला. त्यांनीही तो तितक्याच नम्रपणे मान्य केला, परंतु पत्रिकेत विषय न छापता 'क्रीडाविषयक विचार' एवढेच छापले. त्यामुळे आपल्यापैकी जे कोणी वेगळ्या अपेक्षेने आले असतील त्यांची आम्ही प्रारंभीच क्षमा मागतो.

विषय निवडण्याचे एक कारण हा रस्ताच आहे. पूर्वी यास लिटन रोड म्हणत. पुढे त्यास पोलंडच्या खगोलशास्त्रज्ञाचे नाव मिळाले. येथे आपले जुने महाराष्ट्र सदन आहे, नाटके पाहण्यासाठी आपण ज्याच्या पायऱ्या झिजविल्या ते कमानी सभागृह आहे, आणि गायकवाडांनी ल्यूटेन्सकडून बांधून घेतलेले बडोदा हाऊस आहे. त्यात आज उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे. घरापासून लांब आलेल्या मराठी माणसाला या रस्त्यावर थोडेसे आपल्या गावात आल्यासारखे वाटते. परंतु हाच रस्ता सरळ चालत गेले की इंडिया गेटचे वर्तुळ लागते आणि त्याच्या पलीकडे नॅशनल स्टेडियम. पायी पंधरा-वीस मिनिटांचे अंतर. त्या मैदानावर मार्च १९५१ मध्ये पहिल्या आशियाई खेळांत भारताच्या फुटबॉल संघाने इराणचा १-० असा पराभव करून सुवर्णपदक मिळविले. गोल मेवालाल यांचा. हे नाव निदान जुन्या लोकांच्या ओठांवर आहे. परंतु त्या दिवशी मधल्या फळीत उभे राहून इराणच्या चढाया कोणी मोडल्या, हे आपण येथे विचारले तर सभागृह शांत राहील. आम्हीही त्या शांततेत सामील होऊ. आम्हांस आज जे बोलावयाचे आहे ते या शांततेविषयी.

फुटबॉल न पाहणाऱ्या भगिनींसाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. संघात ११ जण. एक गोलरक्षक, त्याच्या पुढे बचाव फळी, सर्वांत पुढे गोल करणारी आघाडी फळी, आणि या दोहोंच्या मध्ये जे असतात ते आमच्या काळचे 'हाफ', आजच्या मुलांच्या भाषेत 'मिडफील्डर'. बचाव करणाऱ्याला केव्हा दम घ्यावा हे ठाऊक असते, कारण चेंडू पलीकडे गेला की त्याला उसंत मिळते. आघाडीवाल्याचेही तसेच. मधल्या माणसास उसंत नाही. चढाई असो वा बचाव, दोन्ही वेळा त्याने तेथे असले पाहिजे. आजच्या वरच्या दर्जाच्या सामन्यात असा खेळाडू ९० मिनिटांत १० ते १२ किलोमीटर धावतो, आणि त्यातील बराच भाग चेंडूशिवाय. चेंडू येण्यापूर्वी मान वळवून मागे कोण आहे हे पाहणे, आलेला चेंडू एका स्पर्शात योग्य माणसाकडे सोडणे, सहकारी पुढे गेला तर त्याची मोकळी जागा भरणे, ही त्याची कामे. ती नीट झाली तर कोणाच्या लक्षात येत नाहीत, चुकली तर मात्र सर्वांच्या लक्षात येतात. घर चालविणाऱ्या स्त्रियांना हे वर्णन फारसे अनोळखी वाटू नये.

अशा खेळाडूला जगाने कधीच मान दिला नाही असे नव्हे. १९५८च्या विश्वचषकात सतरा वर्षांच्या पेलेने जगाला वेड लावले, तरी त्या स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला तो ब्राझीलच्याच मधल्या फळीतील दीदी. आपल्याकडे मात्र असे क्वचित घडले.

आता ज्यांची कारकीर्द आम्हांस आपल्यापुढे ठेवावयाची आहे ते फोर्तुनातो फ्रँको. जन्म १९३७ च्या सुमाराचा, गाव बार्देश तालुक्यातील कोलवाळ. शापोरा नदीच्या काठचे हे गाव आपल्यापैकी ज्यांची कुलदैवते गोव्यात आहेत त्यांनी वाटेत पाहिले असेल. लहानपणीच ते मुंबईत आले आणि तेथेच घडले. मुंबईच्या फुटबॉलचे केंद्र त्या वेळी कूपरेज. रोव्हर्स चषकाची परंपरा, हारवूड लीगचे सामने, आणि रेल्वे, गिरण्या, तेलकंपन्या, बँका यांचे संघ. खेळाडूला संघ म्हणजे नोकरी आणि नोकरी म्हणजे संघ. सकाळी सराव, मग कचेरीत सही, दुपारी सामना. आज आपण ज्यास 'व्यावसायिक' म्हणतो तसा करार त्या काळी नव्हता. परंतु खेळावर पोट भरणे हाच जर अर्थ असेल तर ही माणसे व्यावसायिकच होती, फक्त पगारपत्रकावर हुद्दा वेगळा असे. फ्रँको प्रथम पश्चिम रेल्वेकडून आणि नंतर टाटांच्या संघाकडून खेळले.

१९६०च्या रोम ऑलिंपिकच्या भारतीय संघात त्यांची निवड झाली. आम्हांस या गोष्टीचे नेहमी नवल वाटत आले आहे. त्या वर्षी कोलवाळवर पोर्तुगालचा झेंडा होता. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी. म्हणजे हा तरुण ज्या देशाचा सदरा घालून रोमला गेला, त्या देशात त्याचे जन्मगाव अद्याप यावयाचे होते. संघ हंगेरीशी १-२ हरला, फ्रान्सशी १-१ बरोबरीत सुटला, पेरूशी १-३ हरला. फ्रँको यांना मैदानावर उतरण्याची संधी मिळाली नाही. ऑलिंपिकला जाऊन बाकावर बसून परत येणे म्हणजे काय, याची कल्पना ज्याने करावी त्याने करावी. त्यानंतर भारतीय फुटबॉल संघ आजतागायत ऑलिंपिकला गेलेला नाही.

परंतु दोन वर्षांनी जकार्ता आले. १९६२ चे आशियाई खेळ. प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. ते कर्करोगाने आजारी होते आणि पुढच्याच वर्षी जूनमध्ये गेले. कर्णधार चुनी गोस्वामी. पहिलाच सामना दक्षिण कोरियाने २-० असा जिंकला. मग भारताने थायलंडला ४-१, जपानला २-० आणि उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला ३-२ असे हरविले. अंतिम सामन्यात पुन्हा कोरियाच. ४ सप्टेंबरचा तो दिवस. इस्रायल व तैवान यांना खेळांतून वगळल्याबद्दल भारताचे प्रतिनिधी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता, त्यामुळे यजमान प्रेक्षक भारतावर संतापलेले. स्टेडियममध्ये लाखाच्या घरात लोक आणि बहुतेक सर्व विरुद्ध. आपल्या बाजूने ओरडण्यास होता तो पाकिस्तानचा हॉकी संघ, असे त्या संघातील खेळाडू पुढे आवर्जून सांगत. जर्नेलसिंग हा खरा बचाव फळीचा खांब. त्याच्या डोक्याला टाके पडलेले, म्हणून रहीमसाहेबांनी त्याला आघाडीला खेळविला. पी. के. बॅनर्जींनी एक गोल केला, त्या टाके घातलेल्या जर्नेलने दुसरा. कोरियाने शेवटी एक फेडला. २-१. सुवर्णपदक.

त्या संघाच्या मधल्या फळीत दोनच माणसे होती, बंगालचे प्रशांत सिन्हा आणि आपले फ्रँको. जरा विचार करावा. आघाडीला एवढे गाजलेले वीर, त्यांना मोकळेपणाने पुढे जाऊ द्यावयाचे, आणि मागे नेहमीचा स्तंभ जागेवर नाही. मधला सारा पट्टा दोघांनी सांभाळावयाचा, तोही चपळाईसाठी नावाजलेल्या कोरियनांपुढे. पहिल्या सामन्यात ज्यांनी आपल्याला दोन गोल चढविले त्यांना अखेरपर्यंत एकावर रोखणे हे एकट्या बचाव फळीचे काम नव्हे. पण चित्रफितीत, लेखांत, आठवणींत आपल्याला गोल दिसतात. चुनी, पी. के., बलराम ही त्रयी दंतकथा झाली, आणि ती व्हावयासच हवी होती. फ्रँको यांचे नाव यादीत सहावे-सातवे येते.

१९६३-६४ च्या मोसमात महाराष्ट्राने संतोष ट्रॉफी जिंकली, त्या संघातही ते होते. मग गुडघा. मधल्या फळीच्या खेळाडूचा देह प्रथम गुडघ्यापाशी हार खातो, कारण त्याला सतत वळावे लागते आणि टॅकल दोन्ही अंगांनी येते. तिशी गाठण्याच्या सुमारास त्यांचा खेळ थांबला. टाटांतील नोकरी मात्र राहिली. उत्तरायुष्यात ते गोव्यास परतले आणि १० मे २०२१ रोजी, महासाथीच्या त्या भीषण दिवसांत, त्यांचे निधन झाले. त्या महिन्यात आपणा सर्वांच्या घरी रोज कोणाची ना कोणाची बातमी येत होती. आमच्याकडेही आली होती. त्या गर्दीत ही बातमी किती जणांनी वाचली असेल?

आमच्याकडे आलेली बातमी आमच्या धाकट्या भावाची होती. त्याच्याविषयी बोलल्यावाचून हे भाषण पुरे होणार नाही, किंबहुना त्याच्यामुळेच ते सुरू झाले.

आम्ही १९६४ साली नोकरीसाठी दिल्लीस आलो. भाऊ मुंबईस, महाविद्यालयात. तो हाफ खेळत असे आणि चांगला खेळत असे, हे आम्हांस इतरांकडून कळे. १९६६ साली एका गिरणीच्या संघाने त्याला बोलाविले. कारकुनाची जागा आणि संघात स्थान. वडील नव्हते. त्याने आम्हांस पत्र लिहिले, 'दादा, तुम्ही सांगाल तसे.' आम्ही करोलबागेतील एका खोलीत बसून त्याला चार पाने लिहिली. पदवी पुरी कर, बँकेच्या परीक्षेस बैस, खेळ हा दहा वर्षांचा, गुडघा गेला तर तू काय करशील, असे सारे शहाणपण त्यात होते. त्याने उलट टपाली एका ओळीचे कार्ड पाठविले, 'आपल्या म्हणण्याप्रमाणे करतो.' तसेच केले. बँकेत लागला, व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाला, संसार उत्तम केला. आम्हांस दोष त्याने कधी दिला नाही. मैदानावर मात्र पुन्हा पाऊल ठेवले नाही, मुलांबरोबर चेंडू लाथाडण्यासाठीही नाही.

आम्ही चुकलो असे म्हणणे आज सोपे आहे, आणि श्रोत्यांस ते आवडतेही. परंतु हिशेब तितका सरळ नाही. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यातून गिरणधंदाच मोडला. भाऊ तेथे गेला असता तर चाळिशीच्या आत बेकार झाला असता. आमचे पत्र पैशाच्या बाजूने बरोबर ठरले. आम्ही हे त्याला एकदा बोलूनही दाखविले, म्हणजे आमचे समर्थन केले. तो हसला आणि म्हणाला, 'दादा, सोळा वर्षे खेळलो असतो की.'

२००९ साली तो दिल्लीस आला होता. ३१ ऑगस्टला आंबेडकर स्टेडियमवर नेहरू चषकाचा अंतिम सामना, भारत विरुद्ध सीरिया. दोन वर्षांपूर्वी, २००७ मध्ये, याच मैदानावर याच संघाला १-० हरवून भारताने तो चषक प्रथम जिंकला होता. आम्ही त्याला घेऊन गेलो. जादा वेळेत रेनेडी सिंगने फ्री-किकवर गोल केला, शेवटच्या क्षणी सीरियाने बरोबरी साधली, आणि पेनल्टीवर गोलरक्षक सुब्रत पालने सामना वाचविला. सारे स्टेडियम उभे होते. आमच्या लक्षात आले की, भाऊ चेंडूकडे पाहतच नाही. बचाव फळीच्या पुढे उभ्या असणाऱ्या दोघांवर त्याची नजर होती, आणि चेंडू येण्याआधी तो पुटपुटत असे, 'डावीकडे सोड... हं... आता मागे हो.' त्रेचाळीस वर्षांनंतर तो मनात अजून हाफ खेळत होता. घरी परतताना आम्ही दोघेही फारसे बोललो नाही.

त्या वर्षांतील भारतीय संघाच्या मधल्या फळीत गोव्याचे क्लायमॅक्स लॉरेन्स होते. भावाला ते विशेष आवडत. नाव क्लायमॅक्स, परंतु खेळ सगळा पडद्यामागचा. २००८ च्या एएफसी चॅलेंज चषकात हैदराबादला अफगाणिस्तानविरुद्ध सामना बरोबरीत सुटणार असे वाटत असताना अगदी शेवटी गोल करून त्यांनी नाव सार्थ केले, तेवढाच अपवाद. तो गोल झाला नसता तर कदाचित पुढचे काहीच घडले नसते. मैदानाच्या अवस्थेमुळे अंतिम सामना दिल्लीस हलविला गेला, भारताने ताजिकिस्तानला ४-१ हरविले, आणि २७ वर्षांच्या खंडानंतर २०११ मध्ये दोह्याच्या आशियाई चषकात भारत खेळला. दिल्लीच्या सामन्यात सुनील छेत्रीचे तीन गोल होते, म्हणून लोकांना तो सामना आठवतो. हैदराबादचा शेवटच्या मिनिटाचा गोल आठवणारे थोडे.

हे सर्व आज सांगावयाचे तातडीचे कारण वेगळेच आहे. आमचा नातू पंधरा वर्षांचा आहे, गुरुग्रामला राहतो, आणि मधल्या फळीत खेळतो. हे त्याने कोणाकडून घेतले ते आम्हांस ठाऊक आहे. दुसऱ्या राज्यातील एका निवासी अकादमीने त्याला बोलाविले आहे. चिरंजीव आणि सूनबाई यांचे एकमत होत नाही, म्हणून प्रश्न आमच्याकडे आला. 'बाबा, तुम्ही सांगाल तसे.' शब्द तेच. आम्ही पंधरा दिवस मागून घेतले, ते उद्या संपतात.

या पंधरा दिवसांत आम्ही चौकशी केली ती आपल्यापुढे ठेवतो, कारण अशी मुले मंडळाच्या आणखीही घरांत आहेत. भावाच्या काळी खेळ सुटला तरी खुर्ची राहत असे. ती सोय आता जवळजवळ गेली. महिंद्र युनायटेडसारखा मुंबईचा संघ, ज्याने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, तो २०१० मध्ये बंद झाला. २०१६ मध्ये गोव्याचे साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. २०१४ पासून इंडियन सुपर लीग आली, तीत पैसा आला, चांगली मैदाने आली, परदेशी प्रशिक्षक आले. करार मात्र दोन-तीन वर्षांचे. २०२५ च्या उन्हाळ्यात व्यापारी हक्कांचा करार संपत आल्यामुळे ती लीगच लांबणीवर पडली आणि काही संघांनी पगार थांबविले. म्हणजे आमच्या १९६६ च्या चार पानांतील एकही आक्षेप आज खोटा ठरलेला नाही. काही तर अधिकच खरे ठरले आहेत.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताचे तिन्ही सामने आपल्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झाले. आम्ही ९ तारखेस कोलंबियाविरुद्धचा सामना पाहिला. मणिपूरच्या जीक्सन सिंगने कॉर्नरवर डोक्याने गोल केला. कोणत्याही फिफा विश्वचषकातील भारताचा तो पहिला गोल, आणि तो मधल्या फळीतील मुलाचा. मिनिटाभरात कोलंबियाने दुसरा गोल चढवून सामना २-१ जिंकला, पण ते मिनिट आपले होते. त्या भारतीय चमूत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, ज्या शहरात तालमींचे संघ फुटबॉल खेळतात आणि पेठा एकमेकींशी बोलेनाशा होतात. त्यातच न्यू जर्सीहून आलेला नमित देशपांडे हा बचाव फळीचा खेळाडूही होता. त्याच्या आईबापांनी सातासमुद्रापलीकडे बसून मुलाला भारताकडे पाठविले. येथून गुरुग्राम तर मेट्रोच्या अंतरावर आहे.

तेव्हा उद्या आम्ही काय सांगणार? आम्ही सूनबाईंना सांगणार आहोत की त्यांची भीती खरी आहे. शाळा सुटता कामा नये, आणि अकादमीकडून तशी लेखी हमी घ्यावी. विमा कोणाचा आहे, गुडघ्याचे ऑपरेशन झाले तर खर्च कोण करणार, मूल परत पाठविले तर कोणत्या इयत्तेत बसेल, हे सारे विचारावे. चिरंजीवांनी संकोच न करता विचारावे, कारण १९६६ मध्ये आम्ही हे गिरणीला एकदाही विचारले नव्हते. आम्ही फक्त भावाला विचारले होते. आणि उत्तरे ठीक असतील तर त्याला जाऊ द्यावे.

नातवाला मात्र आम्ही पत्र लिहिणार नाही. आमच्या पत्रांचा अनुभव चांगला नाही. येत्या रविवारी आंबेडकर स्टेडियमवर स्थानिक लीगचा सामना आहे, तेथे त्याला घेऊन जाणार आहोत. मंडळातील ज्या मुलांना यावयाचे असेल त्यांनी दुपारी दोन वाजता येथेच, कोपर्निकस मार्गावर, मंडी हाऊसच्या कोपऱ्यावर जमावे. पाण्याची बाटली आणि टोपी आणावी. पालक आले तरी चालेल, परंतु क्रिकेटवर बोलू नये.